वाचकांचे प्रश्न : ‘तो परत येतोय, दार उघडायचं का?’

(व्यसनमुक्तीच्या ओपीडीत सव्वीस वर्षं काम केलेल्या डॉक्टर या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. पत्रं थोडक्यात छापली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

प्रश्न : माझा धाकटा भाऊ चोवीस वर्षांचा आहे. चार वर्षं गर्द ओढतो, वर्षभरापासून सुईने घेतो. तीनदा केंद्रात ठेवलं. दर वेळी चांगला होऊन आला आणि महिना-दीड महिन्यात पुन्हा तेच. आता चौथ्यांदा केंद्रातून परत येतोय. बाबांनी ठरवलंय की या वेळी काही केलं तर सरळ पोलिसांत द्यायचं. ‘आत गेला की अक्कल येईल,’ म्हणतात. तुमचं ‘व्यसन हा आजार आहे’ हे मी वाचलं होतं. पण आजारी माणूस घरातल्या वस्तू विकतो का? आईच्या डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलतो का? खरं सांगा, हा आजार आहे की नाटक? आणि तो आला की दार उघडायचं का? – एक मोठी बहीण

उत्तर : ताई, दार उघडा. बाकीचं सावकाश सांगते, पण हे आधी. तो पुन्हा सुरू करेल याची तुम्हाला धास्ती आहे. मला जास्त धास्ती वाटते ती, पुन्हा घेतलीच तर त्या पहिल्या दिवशी काय होईल याची.

रोज घेणाऱ्याच्या शरीराला मोठ्या डोसची सवय झालेली असते. काही आठवडे बंद राहिलं की ती सवय उतरते. डोक्यात आकडा मात्र जुनाच राहतो. बाहेर आलेला मुलगा जुन्या अंदाजाने सुई भरतो आणि त्याचा श्वास मंदावत मंदावत थांबतो. केंद्रातून असो वा तुरुंगातून, बाहेर आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात घातक असतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांवर लोकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा त्यांचा धोका तिथल्या इतर रहिवाशांच्या १२९ पट निघाला. बाबांना हा आकडा जरूर दाखवा. आत गेल्यावर अक्कल येते की नाही यावर वाद घालता येईल, पण आत गेलेला कधी तरी बाहेर येणार आणि तेव्हा त्याचं शरीर कच्चं झालेलं असणार, यावर वाद नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. आजारी माणूस घरातल्या वस्तू विकतो का? हो ताई, हा आजार झालेला विकतो. त्याने विकल्या हे चूकच, आणि त्याची भरपाई त्याने बरा झाल्यावर करावी असं मी माझ्या प्रत्येक पेशंटला सांगते. आजार म्हटलं की सगळं माफ, असं मी कधीच म्हटलेलं नाही. पण तो हे मौजेसाठी करतोय असं तुम्हाला वाटत असेल, तर ‘टर्की’त, म्हणजे नशा न मिळाल्याने होणाऱ्या त्रासात, असलेला मुलगा तुम्ही जवळून पाहिलेला नाही. शेवटच्या डोसनंतर आठ-बारा तासांत सुरू होते ती. नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात कळ, जुलाब, आणि पाय असे झटकतात की चादर पायाशी गोळा होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कळसाला असते. अशा वेळी त्याला आई, बहीण, घरातली वस्तू यातलं काही दिसत नाही. पहिल्या वर्षी तो सुखासाठी घेत होता. आता तो फक्त ही अवस्था टाळण्यासाठी घेतो.

आठवडाभरात टर्की उतरते आणि केंद्रातून ‘चांगला होऊन’ येतो तो हा मुलगा. अंगातून पावडर गेलेली असते, पण झोप नीट लागत नाही, कशातच आनंद वाटत नाही, आणि हे काही महिने चालतं. त्यात गर्द ओढायला वापरतात तो चांदीचा कागद दिसला, जुना मित्र हाक मारून गेला की छातीत धडधड सुरू होते. उपचारानंतर वर्षभरात पुन्हा घसरणाऱ्यांचं प्रमाण ४० ते ६० टक्के आहे. रक्तदाबाच्या आणि दम्याच्या रुग्णांत त्रास पुन्हा उफाळण्याचं प्रमाण याहून कमी नाही. पण बीपी वाढलं म्हणून कुणाला घराबाहेर काढल्याचं मी ऐकलेलं नाही. त्याची गोळी बदलतात.

हे मी आज ठामपणे लिहिते आहे, पण मलाही ते उशिरा कळलं. मी ज्या रुग्णालयात नोकरीला सुरुवात केली तिथे नियम होता : लघवीच्या तपासणीत दोनदा नशा सापडली की नाव कमी. मला तो नियम योग्य वाटायचा, शिस्तीचा वाटायचा. एक बावीस वर्षांचा मुलगा होता. पावसाने फाइल भिजू नये म्हणून ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणायचा. एका सकाळी तो तपासणीच्या आधीच माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, काल घेतली.” कुणी विचारलं नव्हतं. त्याने आपणहून सांगितलं होतं. एकदा आधी सापडलेला होताच. मी म्हटलं, “आता नाव कमी होणार. आधी सोड, मग ये.” तो थोडा वेळ त्या पिशवीचं टोक बोटांनी दुमडत उभा राहिला, मग “बरं” म्हणाला आणि गेला.

अकराव्या दिवशी त्याची आई आली. बसली नाही. गोळ्यांची एक स्ट्रिप टेबलावर ठेवली, सात उरल्या होत्या. म्हणाली, “ह्या राहिल्या. दुसऱ्या कुणाला चालतील.” भांडायला आली असती तर मला सोपं गेलं असतं. त्या गोळ्या मी खणात ठेवल्या. टाकून द्यायला मला कितीतरी महिने लागले.

‘आधी सोड, मग ये.’ ताप उतरल्यावर दवाखान्यात ये, असं आपण कुणाला सांगतो का? सोडता येत नाही म्हणून तर तो आला होता. नियम माझा नव्हता हे खरं, पण वाक्य माझं होतं. तेव्हापासून जो “काल घेतली” म्हणतो त्याला मी आधी खुर्ची देते.

तुमच्या पत्रात मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. चारही वेळा त्याला केंद्रात ठेवलं, पण औषधाचा उल्लेख कुठेच नाही. गर्द, हेरॉइन या अफूच्या जातीच्या नशेवर औषध आहे. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निसवांडर या दोन डॉक्टरांनी १९६५ मध्ये बावीस रुग्णांवरचे मेथाडोन या अफूच्याच जातीच्या औषधाचे अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही वाट माहीत आहे. दुसरं औषध ब्युप्रेनॉर्फिन, जिभेखाली ठेवायची गोळी. २००५ पासून दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. फ्रान्सने १९९०च्या दशकाच्या मध्यात साध्या फॅमिली डॉक्टरांनाही ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायची मुभा दिली. १९९५ ते १९९९ या काळात तिथले हेरॉइनच्या ओव्हरडोसचे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले.

बाबा म्हणतील, ही तर एक नशा सोडून दुसरी. प्रत्येक वडील म्हणतात. त्यांना सांगा की नीट ठरवलेल्या डोसवर माणसाला धुंदी येत नाही आणि टर्कीही येत नाही. तो सकाळी उठतो, कामावर जातो, संध्याकाळी घरी येतो. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये मांडलेला हिशेब असा : मेथाडोन चालू असताना दर हजार रुग्णांमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू, उपचाराबाहेर पडल्यावर सुमारे ३६. मेथाडोनच्या पहिल्या महिन्यात डोस बसवताना आणि औषध थांबवल्यानंतरच्या महिन्यात धोका वाढतो. म्हणून हे औषध डॉक्टरांच्या नजरेखालीच सुरू करायचं, आणि ‘आता बरा दिसतोय’ म्हणून घरच्यांनी घाईने बंद करायचं नाही. किती दिवस? वर्षं लागली तर वर्षं.

आता येत्या आठवड्याचं बोलू. केंद्रातून निघण्याआधीच त्याची मनोविकारतज्ज्ञांशी गाठ घालून औषधाबद्दल विचारा. सुई घेत होता, तेव्हा एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तपासण्याही करा. हिपॅटायटिस सी निघालीच तर घाबरू नका, आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी ती बहुतेकांची पूर्ण बरी होते. नॅलॉक्सोन मिळू शकेल का हेही तिथेच विचारा. अफूच्या ओव्हरडोसवरचा तो उतारा आहे, नाकातल्या स्प्रेच्या किंवा इंजेक्शनच्या रूपात मिळतो आणि काही मिनिटांत श्वास परत आणतो. पण त्याचा असर अर्धा ते दीड तासच टिकतो, नशेचा असर त्याहून लांबू शकतो. म्हणून शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यायचंच.

आणि बाथरूमची कडी. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, आयाबहिणींकडून ऐकलेलं आहे. या नशेत माणसं बहुतेक एकटी असताना मरतात, दार आतून लावून. त्याला समोर बसवून शांतपणे सांगा : “तू घ्यावंस असं मला वाटत नाही. पण घेतलीसच तर दार लावायचं नाही, आणि मला सांगायचं. मी ओरडणार नाही.” हे म्हणताना तुमचा आवाज कापेल. कापू दे. ओठ निळसर, घशातून घरघर, हलवूनही जाग नाही, श्वास खूप संथ, अशी अवस्था दिसली तर झोपलाय समजून पांघरूण घालू नका. रुग्णवाहिका बोलवा, नॅलॉक्सोन असेल तर द्या, तोंडाने श्वास द्या, दर पाच सेकंदांनी एक. श्वास परतला की कुशीवर वळवा.

दार उघडायचं म्हणजे कपाटही उघडं टाकायचं असं नाही. पैसे हातात देऊ नका, वस्तू कुलपात ठेवा, खोटं पकडलं तर तोंडावर सांगा. मात्र शुद्धीत असेल त्या वेळी जेवायला शेजारी बसा. घरच्यांनी कसं बोलावं हे शिकवण्याची एक पद्धत आहे. अमेरिकेत १९९९ मध्ये तिची तुलना झाली, उपचाराला नकार देणाऱ्या, दारूच्या व्यसनातल्या लोकांच्या कुटुंबांवर. सगळ्यांनी मिळून त्या माणसाला घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीने शंभरातले तीसच जण उपचाराला आले. चांगल्या दिवशी जवळ घेणं, नशेच्या वेळी शांतपणे बाजूला होणं, योग्य क्षणी उपचाराचा विषय काढणं हे शिकलेल्या घरांतून ६४ आले. बाबांचा राग मी समजू शकते, तो प्रेमातूनच येतो. पण त्या रागाने पोरगा दवाखान्यापर्यंत पोचत नाही.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. परदेशात गर्दुल्ल्यांना सरकारी खर्चाने नव्या सुया देतात, काही देशांनी तर बाळगणं हा गुन्हाच ठेवलेला नाही, असं वाचतो. उद्या आपणही तेच करायचं का? कायद्याचा धाक गेला तर मुलांना काय सांगायचं? कष्टाने भरलेल्या करातून नशेखोरांचे चोचले का पुरवायचे? – एक आजोबा

उत्तर : सर, रोष रास्त आहे, म्हणून सरळच उत्तर देते.

सुयांचं आधी. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात हेरॉइनचा सुळसुळाट झाला. सुया मिळू द्यायच्या नाहीत, दिसल्या की पोलिसांनी जप्त करायच्या, असं धोरण होतं. तुम्ही म्हणता तोच धाक. मुलं नशा करायची थांबली नाहीत. एकच सुई दहा जणांत फिरू लागली. तिथल्या एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या १६४ सुईवाल्या रुग्णांच्या तपासणीचे निष्कर्ष १९८६ मध्ये छापून आले. निम्म्याहून अधिक, ५१ टक्के एचआयव्हीबाधित. त्यांच्या बायका, त्यांची होणारी बाळं यांनी काय गुन्हा केला होता? पुढे तिथे सुया दिल्या गेल्या, मेथाडोन आलं आणि लागण आटोक्यात आली. सुईची किंमत आणि एका माणसाच्या आयुष्यभराच्या एचआयव्ही उपचाराची किंमत यांचा हिशेब तुम्ही गणिताच्या तासाला मुलांना सहज घालू शकाल. शिवाय सुई न्यायला आलेला माणूस दर आठवड्याला एका नर्ससमोर उभा राहतो. माझे कित्येक पेशंट उपचारापर्यंत याच वाटेने आले.

आता कायदा. तुम्ही वाचलेला देश बहुधा पोर्तुगाल. १ जुलै २००१ पासून तिथे दहा दिवसांच्या वापराइतका साठा जवळ सापडला तर फौजदारी खटला होत नाही. विकणं मात्र आजही गुन्हा आहे आणि विकणारे तुरुंगात जातात. पकडलेल्या माणसाला तीन जणांच्या समितीपुढे बोलावतात. एक कायद्याचा जाणकार, बाकीचे आरोग्य किंवा समाजकार्यातले. कठडा नाही, गणवेश नाही, एक टेबल. विचारतात : किती घेतोस, कधीपासून, घरी कोण आहे, काम आहे का? व्यसन जडलेलं दिसलं तर उपचाराला धाडतात. सोबत उपचारकेंद्रं वाढवली, मेथाडोनच्या गाड्या वस्त्यांत फिरवल्या. सुईवाल्यांमधल्या एचआयव्हीच्या नव्या नोंदी, ज्या आधी वर्षाला शेकड्यांनी होत होत्या, त्या दीड दशकात काही डझनांवर आल्या.

तुमच्या बाजूचंही सांगते. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने २०२१ मध्ये बाळगण्यावरची शिक्षा काढून टाकली. शंभर डॉलरचा दंड, आणि मदतीच्या नंबरवर फोन केला तर तोही माफ. फोन फारच थोड्यांनी केले. उपचारांसाठीचा पैसा उशिरा पोचला, लोक वैतागले आणि सप्टेंबर २०२४ पासून बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. शिक्षा काढली आणि तिच्या जागी काहीच उभं केलं नाही, तर माणूस रस्त्यावरच राहतो. पोर्तुगालची गोष्ट सांगणारे बरेच जण टेबलामागच्या त्या तीन माणसांना विसरतात. मला कायद्यापेक्षा त्या टेबलाचं मोल जास्त वाटतं.

मुलांना काय सांगायचं? नशा घातक आहे हेच सांगायचं, पूर्वीइतक्याच ठामपणे. त्याला जोडून एवढंच सांगा, की तुझ्याकडून चूक झाली तर माझ्याकडे ये. धाकाने मुलं नशेपासून किती लांब राहतात हे मी सांगू शकणार नाही. पण नशेत सापडलेलं मूल धाकापायी आपल्यापासून किती वर्षं लपून राहतं, हे मी रोज पाहत आले.

एक विनंती, सर. ‘गर्दुल्ला’ हा शब्द तेवढा सोडा. हा शिष्टाचाराचा मुद्दा नाही. अमेरिकेत पाचशेहून अधिक मानसोपचार व्यावसायिकांना एकाच माणसाचं वर्णन वाचायला दिलं. निम्म्यांच्या कागदावर त्याला नशेबाज या अर्थाचा शब्द होता, निम्म्यांच्या कागदावर ‘व्यसनाचा विकार असलेला’. पहिला शब्द वाचलेल्यांनी त्यालाच अधिक दोषी धरलं आणि शिक्षेकडे जास्त कल दाखवला. रोज हेच काम करणाऱ्यांची ही गत, तर शेजाऱ्यांची काय असेल! तुमचा एखादा जुना विद्यार्थी यात असेल. त्याचं नाव तुम्हाला पाठ असेल. त्याच नावाने हाक मारा.

प्रश्न : आई एकाहत्तर वर्षांची आहे. अकरा वर्षं झोपेच्या गोळ्या घेते, हळूहळू एकीच्या तीन झाल्या. तुमच्या सदरामुळे लक्षात आलं की हेही व्यसनच. काल सगळ्या स्ट्रिप्स फेकून दिल्या. बरं केलं ना? – एक मुलगा

उत्तर : तुमचं पत्र मिळताच मी तुम्हाला फोन केला होता. इथे इतरांसाठी छापते आहे. नाही, बरं केलं नाहीत, पण हेतू चांगला होता. या जातीच्या गोळ्या इतक्या वर्षांनी एकदम बंद केल्या तर हात कापतात, भ्रम होतो, फिट येऊ शकते आणि जिवावर बेतू शकतं. दारूचंही तसंच. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एका दिवसात तोडू नये. गर्दची टर्की सहसा जीव घेत नाही, या दोन घेऊ शकतात.

गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करायच्या, साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी पाच-दहा टक्के, आणि आई थकली तर मध्ये थांबायचं. वर्ष लागलं तरी हरकत नाही.

फोनवर तुम्ही म्हणालात, “माझी आई म्हणजे काही तसली नाही हो.” तेव्हा मी गप्प राहिले, कारण आधी त्या रात्रीची गोळी महत्त्वाची होती. आता सांगते. वरच्या पत्रातला तो चोवीस वर्षांचा मुलगाही ‘तसला’ नाही. सवय जडते तेव्हा गोळी चिठ्ठीवर आली की कोपऱ्यावरून आली, हे शरीर बघत नाही. तुमच्या आईसाठी तुम्ही एका हाकेत डॉक्टर शोधलात, रात्री त्यांच्या उशाशी बसलात, पोलिसांचा विचारही मनात आला नाही. त्या ताईंच्या भावासाठी मी याहून वेगळं काही मागत नाही.

पुढच्या भेटीला उरलेल्या गोळ्या मोजून सोबत आणा, आईंनाही आणा. डोस त्यांच्याशी बोलून ठरवू.